चंद्रावरचे विणलेले चाक
(समाजाच्या सोलापूर येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मंगळावर यंत्रे फिरली. पण तेथे सारथी अद्याप कोणी गेलेला नाही. माणसाने परक्या भूमीवर वाहन हाकले ते चंद्रावरच, १९७१ व १९७२ साली, अपोलो १५, १६ व १७ या मोहिमांत. यात आपणां विणकरांचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध चाकाचा आहे.

पृथ्वीवर त्या गाडीचे वजन सुमारे २१० किलो. भार मात्र त्याच्या दुपटीहून अधिक वाहावयाचा. रबरी टायर जड. शिवाय चंद्रावर हवा नाही, आणि ऊन व सावली यांतील तफावत भयंकर. तेव्हा जनरल मोटर्सच्या सांता बार्बरा येथील प्रयोगशाळेत फेरेंत्स पाव्लिच व त्यांच्या सहकाऱ्यांनी जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादी तारांचे चाक योजिले. तार एक मिलिमीटरहूनही बारीक, आणि जाळी चक्क हाताने विणलेली! दगड लागला की ती लवे व पुन्हा सावरे. धुळीत रुतू नये म्हणून वरून टायटॅनियमच्या पट्ट्या बसविल्या होत्या. वीण फार घट्ट झाली तर चाक लवणार नाही, फार सैल झाली तर भार पेलणार नाही. हा तोल मागावर बसणाऱ्याच्या हातास नवा नाही.

गाडी कितीही चांगली असली तरी माप माणसाचेच असे. ती बंद पडल्यास पाठीवरचा प्राणवायू संपण्यापूर्वी पायी परतता यावे, इतकेच दूर जाण्याची मुभा होती. अपोलो १७ चे प्रवासी साडेसात किलोमीटरांपर्यंत गेले. त्याच मोहिमेत मडगार्ड तुटले आणि अंगावर धुळीचा वर्षाव होऊ लागला. तेव्हा नकाशांचे कागद चिकटपट्टीने जोडून त्यांनी काम भागविले. असली जुगाडी बुद्धी आपल्या कारखान्यांतही आढळते.

मंगळावर क्युरिऑसिटीच्या ॲल्युमिनियमच्या चाकांना खडकांनी भोके पाडली. अमेरिकेतील ग्लेन संशोधन केंद्रात आता निकेल-टायटॅनियमच्या स्प्रिंगा एकमेकींत गुंफून चाके बनविली जात आहेत. म्हणजे पुन्हा वीणच!

आणि इकडे आपल्यात मुलगा मागावर बसतो हे सोयरीक जुळविताना सांगण्याचा संकोच वाटतो. माग परवडत नाही हे दुःख खरे, ते आम्ही नाकारीत नाही. पण संकोच कशाचा? समाजाच्या शिष्यवृत्तीवर अभियांत्रिकीस जाणाऱ्या प्रत्येक मुलामुलीने आधी एक महिना मागावर काम शिकावे, असा ठराव आम्ही सायंकाळच्या सभेत मांडीत आहोत.