कात्री कोणाच्या हातात?

श्रोतेहो, १९६७ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत डेट्रॉइटसह अनेक शहरांत दंगली उसळल्या. त्यांची कारणे शोधण्यासाठी नेमलेल्या कर्नर आयोगाने १९६८ मध्ये अहवाल दिला. त्यातले एक प्रकरण माध्यमांवर होते. वृत्तपत्रे आणि दूरचित्रवाणी गोऱ्यांच्या नजरेने जग पाहतात, कृष्णवर्णीयांचे रोजचे जगणे त्यांत येतच नाही, असा ठपका त्यात होता. घरे, शाळा, पोलीस यांबद्दलची गाऱ्हाणी एरवी कानावर पडली नाहीत, तर दंगल झाल्यावर नवल वाटणारच!

त्याच वर्षी जूनमध्ये सार्वजनिक दूरचित्रवाणीने ‘ब्लॅक जर्नल’ हा मासिक कार्यक्रम सुरू केला. कार्यक्रम कृष्णवर्णीयांचा म्हणवला जाई, पण त्याचा मुख्य निर्माता होता गोरा. दोन-तीन महिन्यांतच कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांनी काम थांबवले. मग चित्रपटकार विल्यम ग्रीव्ह्ज मुख्य निर्माते झाले. पुढे या कार्यक्रमाला एमी पारितोषिकही मिळाले.

बॉस्टनच्या सार्वजनिक वाहिनीवरचा ‘से ब्रदर’ही १९६८ मधलाच. न्यू बेडफर्ड शहरातल्या अशांततेवर त्याचा एक भाग झाला आणि अपशब्दांचे कारण देऊन १९७० मध्ये तो बंद करण्यात आला. त्यावर लोकांनी निषेध केला आणि कार्यक्रम परत आला. नंतर ‘बेसिक ब्लॅक’ या नावाने तो कित्येक वर्षे चालला. २०२४ मध्ये काटकसरीपायी त्याची निर्मिती थांबवण्यात आली. २०२५ मध्ये तर अमेरिकी संसदेने सार्वजनिक प्रसारणाचा मंजूर निधीच काढून घेतला.

मला यातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. भेदभाव व्यवस्थेत मुरलेला असेल, तर वर्षातून एखादी चर्चा घडवून तो जात नाही. विषय कोण निवडतो, संकलनाची कात्री कोणाच्या हातात असते आणि पैशाची हमी कोण देतो, हे तीन प्रश्न टाळून चालत नाही.

आपल्याकडे वर्णाच्या जागी जात ठेवून पाहा. तेव्हाच्या आंध्रात, आजच्या तेलंगणात, माचनूर गावी २००८ मध्ये ‘संघम रेडिओ’ सुरू झाला. तो चालवायला घेतला दलित शेतकरी स्त्रियांनी. बियाणे, कोरडवाहू शेती, आरोग्य, गाणी हे विषय त्यांचे आणि बोलीही त्यांचीच.

तेव्हा श्रोतेहो, एखाद्या वस्तीवरचा कार्यक्रम ऐकलात, तर त्यात कोण बोलले एवढ्यावर थांबू नका. तो ठरवला कोणी, हे केंद्राला पत्र लिहून जरूर विचारा.