तुझी मालिका संपणार कधी?

(१९८५च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत. अर्ध्या तासाच्या मालिकेतून जाहिराती वजा केल्या की साधारण बावीस मिनिटं उरतात, तेव्हा वीस मिनिटांचं मला भय नाही. बाईंनी आपल्याला सारांशलेखन शिकवलं होतं, उताऱ्याचा एक तृतीयांश करायचा. माझा धंदा बरोबर उलटा. एका ओळीचा उतारा करायचा, आणि तो सोमवार ते शनिवार पुरवायचा.

मला दिलेला विषय आहे ‘माझी मालिकालेखनातील वाटचाल’. वाटचाल लवकर संपते. बँकेत नोकरी करता करता वरळीच्या दूरदर्शन केंद्राच्या पायऱ्या झिजवल्या. तेव्हा तेरा तेरा भागांच्या मालिका असत. लिहून झालेलं एक वर्ष पडून राही, मग अचानक तार आल्यासारखा निरोप येई. १५ ऑगस्ट १९९९ला अल्फा मराठी सुरू झाली, पुढच्या वर्षी ई टीव्ही मराठी आली, आणि मराठीत लिहिणाऱ्यांना रोजचं काम मिळू लागलं. मी आधी संवाद लिहिले, मग पटकथा, मग कथा, आणि २०१५पासून स्वतः निर्मितीही करते. माझ्या मालिकांची नावं सांगत नाही. तुम्ही सगळ्यांनी त्या पाहिल्याचं सकाळपासून मला सांगितलंय. प्रत्यक्षात किती जणांनी पाहिल्या, ते मला दर गुरुवारी कळत होतं.

सकाळपासून निदान सहा जणांनी मला विचारलं, ‘अगं, तुझी मालिका संपणार कधी?’ त्याच प्रश्नाचं नीट उत्तर देते.

आपण दहावीत होतो तेव्हा, जुलै १९८४मध्ये, ‘हम लोग’ सुरू झाली. मनोहर श्याम जोशी लिहीत. ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांच्या दारात चपलांचा ढीग पडायचा आणि शेवटी अशोक कुमार येऊन दोन शब्द बोलायचे. दीडशेच्या वर भाग झाले आणि मालिका पुढच्या वर्षी संपलीसुद्धा. तेव्हा आपल्याला ती फार मोठी वाटली होती. ‘चार दिवस सासूचे’ २००१ ते २०१३ चालली आणि तिचे तीन हजारांवर भाग झाले. या दोन आकड्यांच्या मधे जे घडलं, तो माझा व्यवसाय.

सेट उभा करायला, पहिले प्रोमो करायला, कपडेपट घ्यायला जो खर्च होतो तो पहिल्या पन्नास-शंभर भागांत निघत नाही. निर्मात्याच्या हातात वाहिनीकडून पैसे यायला तीन महिने लागतात आणि तोवर रोजच्या शिफ्टचे पैसे त्याने आपल्या खिशातून किंवा कर्जातून द्यायचे असतात. माझं ठाण्याचं घर त्यासाठी दोनदा गहाण पडलंय. म्हणजे खर्च वसूल होऊन चार पैसे सुटायला लागतात तेव्हा कथा खरं तर संपत आलेली असते. वाहिनीलाही त्या वेळेला बसण्याची सवय झालेला प्रेक्षक सोडायचा नसतो, कारण नव्या मालिकेला तो येईलच याची खात्री नसते. मग नायिकेची हरवलेली बहीण येते.

दुसरा नेहमीचा प्रश्न, बायका झोपतानासुद्धा दागिने का घालतात? त्यालाही कारण आहे. आम्ही कथेच्या क्रमाने चित्रीकरण करत नाही. दिवाणखान्यात दिवे लागले की तीन-चार भागांतले दिवाणखान्याचे सगळे प्रसंग त्याच दिवशी उरकायचे. प्रत्येक वेळी नटीचे कपडे, केस, दागिने बदलायला पाऊण तास जातो. बारा तासांच्या शिफ्टमध्ये असे पाऊण तास किती काढणार? तेव्हा बाई नथीसकट झोपते. आणि तो तीनदा दाखवलेला दचकलेला चेहरा? त्या दिवशी भाग दीड मिनिटाने कमी भरला होता, एवढंच.

कथा, पटकथा आणि संवाद ही तीन वेगवेगळी नावं तुम्ही पाट्यांवर वाचता. ती तीन वेगळी माणसंच असतात. कथाकार पुढच्या तीन-चार महिन्यांची वाट आखतो, पटकथाकार तिचे प्रसंग पाडतो, संवादलेखक रात्री दोनला ते प्रसंग बोलके करतो आणि सकाळी सातला कागद सेटवर जातो. कागदावर पंधरा भागांची ‘बँक’ हवी असते, म्हणजे पंधरा भाग तयार. गणपतीनंतर ती तीनवर येते. एखाद्या नटाला नाटकाचा दौरा लागला की त्याचं पात्र ‘पुण्याला कामाला’ जातं. टाळेबंदीनंतर २०२०च्या उन्हाळ्यात सरकारने चित्रीकरणाला परवानगी दिली, पण ६५च्या वरच्या कलाकारांना सेटवर यायला बंदी होती. उच्च न्यायालयाने ती ऑगस्टमध्ये रद्द केली. तोवर मालिकांतले बरेचसे आजोबा गावाला गेलेले होते. आमच्याकडच्या आजोबांनी तर फोनवरून नातवाचं लग्न ठरवलं.

मग यात लेखक कुठे असतो, असं तुम्ही विचाराल. खरंच फार थोडा असतो. हजार भागांत दोन-चार प्रसंग असे येतात जिथे ‘हे असंच होईल’ असं म्हणायची वेळ येते. त्यातला एक सांगते, कारण त्याचा या सभागृहाशी संबंध आहे.

ऑक्टोबर २०१५मध्ये माझ्या निर्मितीची पहिली मालिका सुरू झाली. कोकणातलं वडिलोपार्जित घर, हापूसची कलमं, तीन भाऊ आणि एक बहीण. बहीण पुण्यात खानावळ चालवते. वडील गेल्यावर भाऊ तिच्यापुढे हक्कसोडपत्र ठेवतात आणि ती सही करत नाही. एवढीच ओळ. आपल्याकडे बहिणीने सही करायची असते, चांगल्या घरातली बहीण मागत नाही, हे आपण सगळे ऐकत मोठे झालो. कायदा मात्र तसं म्हणत नव्हता. महाराष्ट्राने १९९४मध्येच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांसारखा हक्क दिला, पण २२ जून १९९४च्या आधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या. देशाचा कायदा ९ सप्टेंबर २००५ला बदलला. आम्ही मालिका लिहीत असतानाच सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला की त्या तारखेला वडील हयात असले पाहिजेत. आमच्या मालिकेतले वडील २००३मध्ये वारले होते! वकिलांनी सांगितलं, तुमच्या नायिकेला भावांइतका वाटा मिळणार नाही. आम्ही रातोरात भिंतीवरच्या फोटोखालचं साल बदलून २००८ केलं. पुढे २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अट काढून टाकली. तोवर मालिका संपून साडेतीन वर्षं झाली होती.

वर्षभर मालिका बरी चालली. २०१६च्या दिवाळीआधी वाहिनीच्या बैठकीत सांगण्यात आलं की बाई कोर्टात गेल्यापासून आकडा घसरतोय. देशभरात निवडक घरांत तो आकडा मोजणारं यंत्र लावलेलं असतं. घरातला जो टीव्ही बघतोय त्याने रिमोटवरचं आपलं बटण दाबायचं. त्या घरांपैकी काहींनी आमच्या बाईकडे पाठ फिरवली होती. त्यावर उपाय सुचवला गेला तो असा. भाऊबीजेला एक तासाचा विशेष भाग करायचा. बहीण भावांना ओवाळते, आणि भाऊ ओवाळणी टाकायच्या आत तीच तबकात सही केलेलं हक्कसोडपत्र ठेवते. तिघेही भाऊ तिच्या पाया पडतात. मला ते वाक्य अजून पाठ आहे, ‘मॅडम, त्याग कधी फेल जात नाही.’

व्यवसाय म्हणून त्यांचं बरोबर होतं हे मी आजही मान्य करते. तो भाग तुफान चालला असता. कदाचित मालिका आणखी दोन वर्षं गेली असती. माझ्या सेटवर पंचाहत्तर माणसं होती. दिवेवाले, स्पॉटदादा, केशभूषा करणारी मुलगी, सेटवरचा सुतार, सगळे रोजच्या हिशेबावर. लेखिकेला नाही म्हणायला काही लागत नाही. निर्मातीला लागतं, आणि दोघी एकाच खुर्चीत बसलेल्या होत्या.

मी नाही म्हणाले. आमच्याकडे बाराशेच्या वर पत्रं आणि निरोप आले होते, बहुतेक बायकांचे. कुणाकुणाच्या चिठ्ठीत नुसता सर्व्हे नंबर आणि ‘आमचं काय?’ एवढंच लिहिलेलं. त्या बायकांना मी रोज संध्याकाळी आठ वाजता सांगत होते की सही करायच्या आधी वाचा. वर्षभर ते सांगून तिच्याच हाताने सही करून घ्यायची, आणि वर तिला देवी करायचं, हे माझ्याने लिहवलं नसतं. मी लिहिलं ते असं. बहीण ओवाळते. भाऊ तबकात कागद आणि पेन ठेवतो. ती पेन उचलून त्याच्या खिशाला परत लावते, त्याला करंजी भरवते आणि म्हणते, ‘चहा घेऊन जा. तारीख सोळाला आहे.’ पार्श्वसंगीत नाही. नटीने ते वाक्य इतकं साधं म्हटलं की कॅमेरामननेच ‘कट’ म्हणायला उशीर केला.

पुढच्याच आठवड्यात नोटाबंदी झाली. महिन्याभराने आम्हाला आठवरून साडेसहावर हलवलं. साडेसहाला आमच्या प्रेक्षक बायका एकतर लोकलमध्ये असतात नाहीतर कुकर लावत असतात. फेब्रुवारी २०१७मध्ये, चारशे बाराव्या भागाला मालिका बंद झाली. अठरा दिवसांची सूचना मिळाली. अठरा दिवसांत कोर्टाचा निकाल, वाटणी आणि सातबाऱ्यावर नाव एवढं सगळं उरकलं. आपल्या न्यायव्यवस्थेच्या इतिहासात एवढ्या वेगाने दिवाणी दावा निकाली निघाला नसेल! (वकील मंडळी मागे हसतायत, त्यांना माहीत आहे.)

पंचाहत्तरांपैकी चाळीसेक जणांना दोन महिन्यांत दुसरीकडे काम मिळालं. उरलेल्यांना मी फोन करत राहिले. केशभूषेच्या मुलीने तो धंदाच सोडला आणि आता डोंबिवलीत पार्लर चालवते. सुतार वर्षभर घरी होता. मला स्वतःला पुढची मालिका मिळायला अकरा महिने लागले. हे सांगितल्याशिवाय त्या ‘नाही’ची गोष्ट पुरी होत नाही.

आता सभागृहाशी असलेला संबंध. त्याची परवानगी घेऊनच सांगते, नाव सांगत नाही. नोव्हेंबर २०१६मध्ये आपल्यातल्याच एकाचा मला फोन आला. शाळा सुटल्यानंतर त्याचा पहिलाच फोन. मला वाटलं, कौतुक करतोय. तो म्हणाला, ‘तुझ्यामुळे माझ्या बहिणीने सही केली नाही. आमच्या घरात सत्तर वर्षांत असं झालं नव्हतं.’ पुढचं जे बोलला ते बाई समोर असताना सांगता येणार नाही. मी विचारलं, ‘ती काय म्हणते?’ तो म्हणाला, ‘ती म्हणते, कागद वाचायला ठेवून जा.’ आणि फोन ठेवला.

तीन वर्षं त्याने आपल्या गटावर माझ्या एकाही निरोपाला उत्तर दिलं नाही. मग टाळेबंदीत एका रात्री त्याने मला वाटणीपत्राचा फोटो पाठवला, खाली एक शब्दही न लिहिता. बहिणीच्या नावावर पाऊण एकर ऊस लागला होता. आज सकाळी नाश्त्याच्या रांगेत तो माझ्या पुढे होता. बहीणभाऊ अजून दिवाळीला एकत्र जेवत नाहीत, असं त्याने सांगितलं. पण ऊस एकाच वेळी तोडतात, ट्रक एकच लागतो म्हणून. मग त्याने माझ्या ताटलीत आपल्या हाताने एक उपमा-डाव जास्त वाढला आणि विचारलं, ‘तुझी आत्ताची मालिका संपणार कधी?’

आत्ताच्या मालिकेचं सांगते. परवा पाचशेवा भाग झाला. हरवलेली बहीण अजून आलेली नाही, मी तिला पुढच्या पावसाळ्यापर्यंत थोपवून धरलंय. कथा मार्चपर्यंत पुरेल एवढी हातात आहे. मार्चनंतर जे काय होईल ते गुरुवारच्या आकड्यावर.

आणि एक कामाचं. तुमच्यापैकी चार जणांनी आपल्या मुलामुलींना लिहायचंय म्हणून माझा नंबर घेतलाय. त्यांना सांगा, कथेचा आराखडा पाठवू नका, मी वाचत नाही. एकच प्रसंग पाठवा, दोन पानांचा. स्वयंपाकघर, तीन माणसं, त्यातला एक खोटं बोलतोय आणि दुसऱ्याला ते कळलंय, पण कुणीच तसं म्हणत नाही. तो वाचून मी नक्की उत्तर देईन. फक्त सकाळी सात ते नऊ फोन करू नका, तेव्हा कागद सेटवर जात असतात.