कोकणातील उष्णोदकाची कुंडे



केसरवाळच्या झरीवर स्नानास जाण्याची आपल्या गोमंतकात जुनी रीत आहे. ते पाणी थंड. उष्णोदकाच्या प्रसिद्ध कुंडांसाठी मात्र सीमा ओलांडून उत्तरेस जावे लागते. राजापुरानजीक उन्हाळे, पुढे संगमेश्वर तालुक्यात तुरळ, राजवाडी व आरवली, दापोलीच्या बाजूस उन्हवरे, पालीजवळ उन्हेरे आणि थेट तानसा नदीकाठी वज्रेश्वरी-अकलोली, अशी ही माळ किनाऱ्यास समांतर सुमारे ३०० किलोमीटर पसरली आहे. उन्हाळे, उन्हवरे, उन्हेरे ही नावेच पाहा! पाण्याचा गुण पूर्वजांनी गावाच्या नावातच नोंदवून ठेवला.

या भागात जागता ज्वालामुखी नाही. पावसाचे पाणी काळ्या खडकातील भेगांतून खोल उतरते, भूगर्भातील उष्णतेने तापते, आणि वाटेत क्षार विरघळवून घेत दुसऱ्या भेगेने वर येते. उन्हवऱ्यास ते सुमारे ७० अंश सेल्सियस इतके कढत असते. काही ठिकाणी उग्र वास येतो, तो हायड्रोजन सल्फाइड वायूचा. त्यावरून लोक त्यास ‘गंधकाचे पाणी’ म्हणतात. प्रत्यक्षात बहुतेक कुंडांत मिठाच्या जातीचे क्षारच अधिक असतात.

या स्नानाने आखडलेले सांधे मोकळे होतात, शीण जातो. हा अनुभव खरा आहे, आणि त्याचे श्रेय मुख्यतः उष्णतेस द्यावयास हवे. परंतु कुंडातील स्नानाने कुष्ठरोग जातो, या समजुतीने औषध थांबविणे घातक होय. कुष्ठरोग गोळ्यांनी पूर्ण बरा होतो, आणि त्या गोळ्या सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळतात. हृदयविकार असलेल्यांनी व गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून कुंडात उतरू नये.

‘एवढ्या ऊन पाण्यात जंतू कसे राहतील?’ असे पुष्कळजण विचारतात. झऱ्याच्या मुखाशी पाणी कढत असले, तरी स्नानाच्या कुंडात ते निवलेले असते. शिवाय अनेकांचे अंग त्याच पाण्यात धुतले जाते. कोमट पाण्यात वाढणारा नेग्लेरिया नावाचा अमीबा नाकावाटे शिरल्यास मेंदूचा प्राणघातक विकार होतो. असे क्वचितच घडते, तरीही डोके बुडवू नये, नाकात पाणी जाऊ देऊ नये. तांब्याने पाणी बाहेर घेऊन स्नान करणे सर्वांत उत्तम. साबण कुंडात मुळीच नेऊ नये.

सहल नेणाऱ्या शिक्षकांनी मुलांना झऱ्याच्या मुखापासून दूर ठेवावे, आणि कुंडातील पाणी सोसवते की नाही हे प्रथम स्वतः पाहून मगच त्यांस उतरू द्यावे.