घाट चढणारे पाणी

(मुरबाड येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



जगाच्या ऊर्जेची चिंता मुरबाडमध्ये बसून कशासाठी करावयाची, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. पहिल्या वळवाच्या सरीबरोबर ज्या पाड्यातील दिवे जातात, तेथे जगाची गोष्ट दूरचीच वाटणार. परंतु देशोदेशीचे तज्ज्ञ आज ज्या प्रश्नाशी झुंजत आहेत, त्याचे एक उत्तर आपल्या शेजारी, शहापूर तालुक्यातील चोंढे येथे सह्याद्रीच्या पायथ्याशी २००८पासून उभे आहे. म्हणून आरंभ तेथूनच करतो.

प्रश्न साठवणुकीचा आहे. सूर्यापासून वीज मिळविणे आता दुर्घट राहिलेले नाही. भारताची सौर वीजक्षमता २०२५च्या आरंभी एक लाख मेगावॅटच्या पुढे गेली. पण सूर्य देतो भर दुपारी, आणि घरोघरचे दिवे मागतात तिन्हीसांजेला. धान्य कणगीत भरून ठेवता येते. वीज तशी ठेवता येत नाही. निर्माण झाली की त्याच क्षणी ती वापरावी लागते. बॅटरीत साठवावी, तर त्यासाठी लागणारे लिथियम आपल्याला परदेशातून आणावे लागते. मग एका परावलंबनातून सुटून दुसऱ्यात अडकायचे काय?

घाटघरच्या उदंचन जलविद्युत प्रकल्पात ही कणगी डोंगराचीच केली आहे. माथ्यावर अकोले तालुक्यात घाटघर येथे प्रवरेच्या उगमाकडील पाणी अडविले आहे आणि खाली चोंढ्याला दुसरे धरण आहे. दोहोंमध्ये चारशे मीटरांहून अधिक उंचीचा कडा. विजेची मागणी वाढली की वरचे पाणी बोगद्यातून खाली सोडायचे. ते डोंगराच्या पोटातील वीजगृहात १२५ मेगावॅटची दोन यंत्रे फिरविते. मागणी ओसरली की तीच यंत्रे उलटी फिरतात आणि पाणी पुन्हा घाट चढते. एरवी गोदावरीकडे जाणारे हे देशावरचे पाणी कोकणात उतरते आणि परत देशावर जाते! आपल्या पूर्वजांनी बैलांच्या पाठीवर माल लादून हे घाट चढले-उतरले. आता पाणी ती वाट चालते आहे.

यात जादू काही नाही. एक हजार लिटर पाणी चारशे मीटर खाली आले, तर त्यातून साधारण एक युनिट वीज मिळते. ते वर नेण्यास मात्र त्याहून अधिक वीज खर्ची पडते. ढोबळ मानाने चार युनिट घालावे, तेव्हा तीन परत मिळतात. हा व्यवहार तोट्याचा आहे, असे वरवर पाहणारा म्हणेल. पण जे चौथे युनिट गेले, ते दुपारच्या विजेला संध्याकाळपर्यंत राखून ठेवण्याचे भाडे होय. प्रकल्पाची आखणी झाली, तेव्हा रात्री कोळशाच्या केंद्रांत शिल्लक राहणारी वीज पाणी चढविण्यास वापरावी, असा हिशेब होता. कारण औष्णिक केंद्राची भट्टी चुलीसारखी घटकाभर विझवून पुन्हा पेटविता येत नाही. आज त्याच यंत्रांना दुपारचा सूर्य पाणी चढवून देऊ शकतो. तंत्र तेच राहिले, इंधन मात्र बदलू शकते. रोलर फिरवून दाबलेल्या काँक्रीटची धरणे भारतात प्रथम याच प्रकल्पात बांधली गेली, हेही आपल्या मुलांना ठाऊक असावे.

येथवर कौतुक झाले. आता जे सांगणार आहे, ते काहींना रुचणार नाही.

तानसा आणि भातसा ही मुंबईची तहान भागविणारी धरणे शहापूर तालुक्यात आहेत. त्याच तालुक्यातील अनेक पाड्यांवर चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहत हंड्यांची रांग लागते. पाण्याच्या बाबतीत जे घडले, ते विजेच्या बाबतीत पुन्हा घडू द्यायचे काय? मुरबाड आणि जुन्नरच्या सीमेवर, मालशेज घाटातही असाच उदंचन प्रकल्प उभारण्याचा विचार गेली कित्येक वर्षे चालू आहे. सौरशक्ती जसजशी वाढेल, तसतशी अशा जागांची निकड वाढेल. चारशे-पाचशे मीटरांचा सरळ कडा सर्वत्र मिळत नाही. म्हणजे आपल्या डोंगरांना यापुढे राष्ट्राच्या दृष्टीने नवे मोल येणार. माझा त्यास विरोध नाही, हे स्पष्ट सांगतो. परंतु ज्या वनवासी बांधवाची जमीन आणि रान त्याखाली जाईल, त्याचे पुनर्वसन पहिला सुरुंग लागण्यापूर्वी झाले पाहिजे. खालच्या जलाशयातून पायथ्याच्या गावांना उन्हाळ्यात पिण्याचे पाणी किती, हा आकडा आराखड्यातच लिहिलेला असला पाहिजे. मागाहून मागितलेल्या पाण्याला अर्ज-विनंत्यांखेरीज काही मिळत नाही.

आणि एक. ही यंत्रे पुढील कित्येक दशके फिरणार आहेत. त्यांची देखभाल करणारे तंत्रज्ञ नागपूर-पुण्याहून यावेत आणि येथल्या तरुणाने फाटकावर पहारेकरी म्हणून उभे राहावे, ही वाटणी मला मान्य नाही. तालुक्यातील आयटीआयत शिकणाऱ्या मुलांना घेऊन शिक्षकांनी एकदा चोंढ्याला जावे. रीतसर परवानगी मिळाली, तर वीजगृहात उतरून ती यंत्रे त्यांना जवळून दाखवावीत. येत्या दिवाळीच्या सुट्टीत अशी एक सहल निघत असेल, तर मी स्वतः सोबत येण्यास सिद्ध आहे.