मेंदूच्या दारातला पहारा

पाच-सात वर्षांचं हसतं-खेळतं मूल अचानक तिरळं पाहू लागतं, चालताना तोल जातो, घास घशात अडकतो. एमआरआयमध्ये मेंदूच्या देठात, पॉन्स नावाच्या भागात, गाठ दिसते. या आजाराला डॉक्टर डीआयपीजी म्हणतात. पिठात मीठ मिसळावं तशा या गाठीच्या पेशी निरोगी पेशींत मिसळलेल्या असतात. त्यामुळे गाठ कापून काढता येत नाही. रेडिएशननं काही महिने आराम पडतो. पण बहुतेक मुलं निदानानंतर फार तर वर्षभर जगतात.

मग औषधं का चालत नाहीत? मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती फार घट्ट असतात. त्या विषारी पदार्थ आत येऊ देत नाहीत. पण त्याच पहाऱ्यात केमोथेरपीची बहुतेक औषधंही अडकतात.

हा पहारा टाळण्याचा एक मार्ग न्यूयॉर्कचे डॉ. मार्क सॉविडेन यांनी वापरून पाहिला. कवटीला लहानसं छिद्र पाडायचं, एमआरआयच्या आधारानं बारीक नळी थेट गाठीत न्यायची आणि पंपानं काही मिलिलिटर औषध अगदी संथपणे, तासन्‌तास सोडत राहायचं. घाई केली तर औषध नळीच्या कडेनं मागे फिरतं. २८ मुलांवरच्या या चाचणीचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. ही पद्धत सुरक्षितपणे वापरता येते, एवढं त्यातून दिसलं. मुलं बरी झाली, असा त्याचा अर्थ नव्हे.

दुसरीकडे, रक्तात सूक्ष्म बुडबुडे सोडून त्यांवर अल्ट्रासाउंडच्या लहरी रोखल्या, की तो पहारा काही तास सैल होतो. तिसरीकडे, अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशी प्रयोगशाळेत बदलून मेंदूतल्या पोकळीत सोडल्या जातात. काहींच्या गाठी आकसल्या. पण देठाला सूज आली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून कडक देखरेख लागते.

आईवडिलांना एक विनंती. 'नवा उपचार' म्हणून कुणी मोठी रक्कम मागितली, तर आधी विचारा : ही चाचणी कितव्या टप्प्यातली? नोंदणी कुठे झाली आहे? भारतातल्या चाचण्यांची नोंद सीटीआरआय या चाचण्यांच्या नोंदवहीच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. पहिल्या टप्प्यात मुख्यतः सुरक्षितता आणि मात्राच तपासतात. हे समजून घेतल्याशिवाय संमतिपत्रावर सही करू नका.