निविदेवाचून ठेका



सरकारी तिजोरीतील पैसा कोणा मंत्र्याचा वा अधिकाऱ्याचा नसतो. साबणापासून चपलेपर्यंत प्रत्येक वस्तूवर कर भरणाऱ्या सामान्य माणसाचा तो असतो. म्हणूनच तो कोणाच्या हाती, कोणत्या भावाने व कोणत्या कारणास्तव जातो, हा प्रश्न केवळ हिशेबनिसांचा नाही. तो लोकशाहीचा आहे. निविदा न मागविता एकाच पुरवठादाराला थेट ठेका देण्याची प्रथा याच कसोटीवर तपासली पाहिजे.

कायद्याची भूमिका संदिग्ध नाही. मुंबई विमानतळावरील उपाहारगृहाच्या ठेक्यावरून उद्भवलेल्या रमणा शेट्टी खटल्यात, १९७९ साली, सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, खाजगी व्यापाऱ्याप्रमाणे मर्जीनुसार ठेका देण्याची मुभा शासनास नाही. घटनेच्या १४व्या कलमातील समतेचे बंधन त्याच्यावर आहे. मेरठ महापालिकेच्या प्रकरणात २००६ साली न्यायालयाने अपवादही सांगितले: नैसर्गिक आपत्ती वा आणीबाणीचा प्रसंग, एकच पुरवठादार असणे, किंवा वारंवार लिलाव पुकारूनही बोली न येणे. त्यापलीकडे जाहीर स्पर्धा हाच नियम.

व्यवहारात मात्र अपवादच निर्माण केले जातात. प्रस्ताव अकरा महिने टेबलावर पडून राहतो आणि मार्चअखेर एकाएकी 'तातडी' उद्भवते. मोठ्या कामाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा निविदेच्या मर्यादेखाली आणला जातो. वस्तूचे वर्णन असे लिहिले जाते की, एकाच कंपनीचा माल त्यात बसावा.

येथे समाजवाद्यांपुढे खरा पेच उभा राहतो. सार्वजनिक उपक्रमांना व मजूर सहकारी संस्थांना काम राखून ठेवावे, ही मागणी समाजवाद्यांचीच आहे आणि ती योग्यही आहे. दुर्बलाला बलवानाशी समान स्पर्धा करावयास लावणे म्हणजे समता नव्हे. परंतु सरकारी उपक्रमाने थेट मिळालेले काम आपला हिस्सा ठेवून खाजगी ठेकेदाराच्या पदरात टाकले, किंवा मजूर संस्थेच्या कागदावर मजूर आणि कारभारात गावचा पुढारी असला, तर राखीव कामाचा नैतिक आधारच नाहीसा होतो. ही सवलत श्रमिकांसाठी आहे, दलालांसाठी नव्हे.

निविदा हाही रामबाण उपाय नव्हे. ठेकेदार संगनमताने दर ठरवितात. नीचतम दराची तूट अखेरीस सफाई कामगाराच्या वेतनातून भरून काढली जाते. तेव्हा निविदेचे दरपत्रक तपासताना किमान वेतनाचा हिशेबही तपासला पाहिजे. तथापि निविदेतील दोष हे थेट ठेक्याचे समर्थन ठरू शकत नाही. निविदेत निदान तुलनेला दुसरा दर असतो. थेट ठेक्यात तोही नसतो.

म्हणून मागणी नेमकी हवी. प्रत्येक थेट ठेक्याचे लेखी कारण, मंजुरी देणाऱ्याचे नाव, मान्य दर आणि पोटठेक्याची माहिती काम सुरू होण्यापूर्वी जाहीर झाली पाहिजे. माहितीचा अधिकार कायदा २००५ पासून हाती आहे. त्याच्या चौथ्या कलमानुसार शासनाने माहिती आपणहून प्रसिद्ध करावयाची असते. जिल्हा परिषदेत, नगरपालिकेत, ग्रामसभेत कार्यकर्त्यांनी ही कागदपत्रे मागावीत, वाचावीत व लोकांसमोर ठेवावीत. खाजगीकरणाला विरोध करण्याचा अधिकार, सार्वजनिक कारभार स्वच्छ ठेवण्यासाठी झगडणाऱ्यालाच शोभतो.