काळ्या वाळूतली एकेरी वाट



भाई केशवराव धोंडगे यांनी या भागात शाळा-महाविद्यालयं उभी केली नसती तर आपली भौतिकशास्त्राच्या अध्यापकांची परिषद कंधारला भरली असती का, याची मला शंका आहे. एवढं बोलून थेट विषयाकडे वळतो.

मन्याड नदीच्या पात्रातली मूठभर वाळू वाळवून कागदावर पसरा आणि कागदाखालून लोहचुंबक फिरवा. पांढुरके कण जागच्या जागी राहतात. बारीक काळे कण उभे राहतात आणि चुंबक नेईल तिकडे सरकतात. ते मुख्यतः मॅग्नेटाइट, म्हणजे लोखंडाचं काळं ऑक्साइड. बालाघाटाच्या बाजूचा आपला काळा खडक झिजतो आणि त्यातून हे कण ओढ्या-नाल्यांत उतरतात. शुद्ध नसतात, टायटॅनियमची भेसळ असते. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हा निवताना याच कणांनी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवली. 1950च्या दशकात लंडनच्या क्लेग यांच्या गटाने आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या राधाकृष्णमूर्ती, सहस्रबुद्धे यांनी दख्खनच्या खडकांचं चुंबकत्व मोजलं. खडक ओतला गेला तेव्हा आपली भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती, हे अशा मोजणीतून निघालं. भूगर्भशास्त्राचे लोक ही गोष्ट कौतुकाने सांगतात. त्याच कणातून वीज कशी जाते ते मात्र आपण सांगत नाही, आणि माझी तक्रार आपल्याबद्दलच आहे.

आपण चुंबकत्व एका सत्रात शिकवतो, वीजवहन दुसऱ्या. ओहमच्या नियमात इलेक्ट्रॉनला फक्त प्रभार असतो. त्याचा स्पिन पाउलीच्या नियमापुरता येतो आणि परीक्षा झाली की जातो. वास्तविक 1936 मध्येच नेव्हिल मॉट यांनी मांडलं होतं की चुंबकीय धातूत दोन स्पिनचे इलेक्ट्रॉन जणू दोन वेगळे प्रवाह होऊन वाहतात आणि दोघांच्या वाट्याला येणारा रोध सारखा नसतो. 1988 मध्ये फ्रान्समध्ये आल्बेर फेर्त आणि जर्मनीत पेटर ग्रुनबर्ग यांनी लोह आणि क्रोमियमचे अतिपातळ थर एकावर एक रचले. लोहाच्या थरांची चुंबकत्वं एका दिशेला आणली की रोध घसरतो, हे दोघांनाही दिसलं. 1997 मध्ये आयबीएमने हे तत्त्व हार्ड डिस्कच्या वाचकटोकात घातलं, 2007 मध्ये दोघांना नोबेल मिळालं. पुढचं तुम्ही सगळे वापरूनच आहात.

मला थांबायचंय ते मॅग्नेटाइटपाशी. त्याच्या स्फटिकात लोहाला दोन प्रकारच्या जागा असतात. चार ऑक्सिजननी वेढलेली ती ए, सहांनी वेढलेली ती बी. ए जागेवर तीन प्रभाराचं लोह बसतं. बी जागांवर निम्मं तीनचं, निम्मं दोनचं. ए आणि बी यांची चुंबकत्वं एकमेकांच्या विरुद्ध, पण सगळ्या बी आपसांत एकाच दिशेच्या. आता हुंडचा नियम आठवा. तीन प्रभाराच्या लोहाच्या डी कवचात पाच इलेक्ट्रॉन असतात, पाचही एकाच स्पिनचे. दोनच्या लोहात सहावा येतो. पहिल्या पाच जागा भरलेल्या, म्हणून त्याला उलट्या स्पिननेच बसावं लागतं. हा सहावा एका बी जागेवरून शेजारच्या बी जागेवर उडी मारतो, आणि मॅग्नेटाइटमधली वीज म्हणजे हीच उड्यांची रांग. उडी मारणारे सगळे एकाच स्पिनचे. सुमारे 120 केल्विनच्या खाली उड्या अडतात आणि रोध एकदम शंभर पटींच्या आसपास चढतो. फेरवे यांनी हे 1939 मध्ये नोंदवलं.

एका स्पिनला धातू आणि दुसऱ्याला अर्धवाहक असलेल्या पदार्थाची कल्पना 1983 मध्ये नेदरलँड्सच्या द ग्रूट यांनी निकेल-मँगनीज-अँटिमनीच्या गणितातून मांडली. लगेच 1984 मध्ये जपानच्या यानासे आणि सिराटोरी यांचं मॅग्नेटाइटचं गणित तसंच निघालं. प्रत्यक्षात स्पिनचं ध्रुवण शंभर टक्के मिळत नाही. 2002 मधल्या एका जर्मन मोजणीत ते सुमारे 80 टक्के मिळालं. तरीही मी मॅग्नेटाइटच्याच बाजूने आहे. लँथॅनम-स्ट्रॉन्शियम मँगनाइटचा फार बोलबाला झाला, पण त्याचं चुंबकत्व उकळत्या पाण्याच्या आधीच जातं. मॅग्नेटाइटचं सुमारे 580 अंश सेल्सिअसपर्यंत टिकतं. पुण्याचे सतीशचंद्र ओगले मेरीलँड विद्यापीठात व्यंकटेशन यांच्याबरोबर काम करत होते तेव्हा या दोन्ही पदार्थांचे पातळ थर त्यांनी अभ्यासले. त्यांचा मॅग्नेटाइटवरचा 1998चा लेख आपल्या एम.एस्सी.च्या मुलांनी अवश्य वाचावा.

आता आपल्या घरची गोष्ट. छत्रपती संभाजीनगरला आणि नांदेडला निकेल, झिंक, कोबाल्टच्या फेराइटवर चिकार प्रबंध झाले. क्ष-किरणांचा आलेख, चुंबकत्वाचं वेटोळं, पारविद्युतांक, झाला प्रबंध! काम प्रामाणिक आहे, पण दोन प्रभाराच्या लोहाच्या जागी निकेल घातलं की तो सहावा इलेक्ट्रॉनच जातो आणि पदार्थ जवळजवळ विसंवाहक होतो. उच्च वारंवारतेच्या ट्रान्सफॉर्मरला तेच हवं असतं, हे मान्य. मात्र ज्याच्यात खरी गंमत आहे तो मूळ पदार्थ आपण बाजूला ठेवला, कारण त्यावर पूर्वीच काम झालंय म्हणे.

मॅग्नेटाइटवर प्रयोग करायला लागतं काय? फेरस आणि फेरिक क्लोराइड एकास दोन या मोलप्रमाणात, वर अमोनिया. भांड्यात क्षणात काळा साका बसतो. तो धुऊन, सुकवून हायड्रॉलिक प्रेसमध्ये त्याची गोळी दाबायची. हवेच्या भट्टीत घालायची नाही, नाहीतर काळी गोळी तांबडी होऊन बाहेर येते आणि मुलं आपल्याकडे बघत बसतात. गोळीचा रोध मोजायला जर्मेनियमसाठी आणलेला चार टोकांचा संच आणि हॉल परिणामाचा वीजचुंबक बऱ्याच विभागांत आहे. गोळीत इलेक्ट्रॉनला एका कणातून दुसऱ्यात जावं लागतं. शेजारच्या कणाचं चुंबकत्व दुसरीकडे असेल तर त्या स्पिनला तिथे जागा मिळत नाही. क्षेत्र लावून कण एका दिशेला आणले की रोध घटतो. घट नेहमीच्या तापमानाला जेमतेम एक-दीड टक्का, म्हणून वाचनं घाईने घेऊन चालणार नाही.

खरा घोळ पुढे आहे. वीजचुंबक चालू राहिला की तापतो, त्याच्या उष्णतेने गोळीचाही रोध उतरतो, आणि ती घट आपण स्पिनच्या खात्यावर मांडून मोकळे होतो. म्हणून क्षेत्र चालू, बंद, पुन्हा चालू, असं करत प्रत्येक वेळी वाचन घ्या आणि गोळीला लागून थर्मोकपल ठेवा. मग प्रवाहाची दिशा न बदलता क्षेत्राची दिशा उलटवा. रोधातली घट दोन्हीकडे तेवढीच आली पाहिजे. दिशा उलटल्यावर चिन्ह बदललं तर तुम्ही हॉल व्होल्टता मोजताय, टोकं नीट सरळ रेषेत बसवा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करा.